स्ट्राइक कोणाचा?

बातमीच्या टेबलावर ‘स्ट्राइक’ हा शब्द आला की पहिला प्रश्न असतो, कोणाचा? बँकवाल्यांचा असेल तर संप. विमानांचा असेल तर हवाई हल्ला. सलामीच्या फलंदाजाचा असेल तर पुढे ‘रेट’ येतो आणि तो तसाच ठेवायचा, कारण त्याला प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत क्रीडा पान कधी पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एखादं कलम ‘स्ट्राइक डाउन’ केलं तर ते रद्दबातल. मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६ अ’चं तेच झालं. दोन कंपन्यांनी डील ‘स्ट्राइक’ केलं तर सौदा ठरला, कोणी कोणाला बोटही लावलेलं नाही. आणि ‘लाइटनिंग स्ट्राइक’ आला की बातमी कोणत्या देशातून आली ते आधी बघायचं. ब्रिटनमधून असेल तर आभाळ निरभ्र असण्याची दाट शक्यता. रेल्वे कामगार आगाऊ नोटीस न देता अचानक काम टाकून उभे राहिले असतात.

रात्रपाळीत इंग्रजी तारा, म्हणजे वृत्तसंस्थांकडून येणाऱ्या बातम्या, मराठीत उतरवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या कामात शब्दकोश हाताशी असतो, पण या जातीच्या शब्दांपुढे तो हात टेकतो. स्ट्राइक उघडा, मारणे. हिट उघडा, मारणे. बीट, मारणे. पंच, ठोसा मारणे. नॉक, ठोठावणे, मारणे. किक, लाथ मारणे. कोशकाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला ओळीत जागा किती असते! पण इंग्रजी माणूस दिवसभर ज्या शब्दांनी मारतो त्यांतले निम्मे कोणालाच लागत नाहीत, हे कोशात कुठे लिहिलेलं नसतं. ते हळूहळू, बातम्यांच्या ढिगाऱ्यातून कळत जातं. मला तरी तसंच कळलं, आणि कळत गेलं तसतशी गंमत वाटायला लागली.

स्ट्राइकचंच घ्या. त्याचं मूळ मारण्यात नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘स्ट्रीकान’ म्हणजे एखाद्या पृष्ठभागावरून हलकेच फिरणं, घासून जाणं, किंवा नुसतंच जाणं. त्याच कुळातला ‘स्ट्रोक’. मांजराच्या पाठीवरून हात फिरवायचा तो स्ट्रोक, चित्रकाराच्या कुंचल्याचा फटकारा तो स्ट्रोक, पोहणाऱ्याने पाण्यात टाकलेला हात तोही स्ट्रोक. काडेपेटीची काडी ‘स्ट्राइक’ करतात त्यात हा जुना अर्थ अजून शाबूत आहे. काडी कोणी मारत नाही, घासतात, आपण ओढतो. इंग्लंडच्या धान्यबाजारात माप शिगोशीग भरलं की वरची शीग काढायला एक सपाट पट्टी फिरवत, तिचंही नाव स्ट्राइक. हलक्या हाताने सपाट करण्यापासून हवाई हल्ल्यापर्यंत एक शब्द कसा जातो याचा टप्प्याटप्प्याचा हिशेब भाषातज्ज्ञ देतात. मला तो पटतोही, पण त्यामुळे आश्चर्य कमी होत नाही.

संपाचा स्ट्राइक कुठून आला हे तर त्याहून सुरस. १७६८ साली लंडन बंदरात खलाशांनी पगारवाढीसाठी जहाजांची शिडं खाली उतरवली. शीड उतरवणं याला दर्यावर्दींच्या बोलीत ‘स्ट्राइक’ म्हणत. लढाईत निशाण उतरवून शरण जाणं हेही स्ट्राइकच, आणि मुक्काम हलवताना तंबू उतरवणं हेही. शीड उतरलं म्हणजे जहाज हलणार नाही, माल हलणार नाही, मालकाचा पैसा अडकून पडणार. तिथून तो शब्द किनाऱ्यावर चढला आणि गिरण्याखाणींत पोहोचला. म्हणजे ज्या शब्दात आपल्याला वळलेली मूठ दिसते, त्यात मुळात खाली येणारं कापड आहे.

हे वाचलं तेव्हा मला आमचे एक जुने मुख्य उपसंपादक आठवले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते तरुण वार्ताहर होते. अडीच लाखांच्या आसपास माणसं, दत्ता सामंतांचं नेतृत्व, आणि औपचारिकपणे कधी मागेच न घेतला गेलेला संप. ते म्हणायचे, “संपात आवाज नसतो गं. आवाज मोर्चात असतो. संप म्हणजे भोंगा वाजून कोणी न जाणं.” शिडांची गोष्ट त्यांना सांगायची राहून गेली. सांगितली असती तर ते बहुधा म्हणाले असते, बरं, आणि पुढची तार लाव.

अमेरिकेने या शब्दाचं आणखी एक टोक गाठलं. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, तिचा मुलगा शाळेत बेसबॉल खेळतो. तिने पहिल्यांदा सामना पाहिला त्या रात्री फोन केला, “अगं, याने तीन स्ट्राइक केले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या, तर सगळे आमच्याकडे बघायला लागले.” तिथे स्ट्राइक म्हणजे चेंडू न लागणं. फलंदाजाने बॅट फिरवली आणि चेंडू निसटला, स्ट्राइक. सुरेख टप्प्यात आलेला चेंडू त्याने उभ्या उभ्या सोडून दिला, तरी स्ट्राइक. तीन झाले की बाद. जुन्या काळी पंच फलंदाजाच्या प्रयत्नांची मोजदाद करत, प्रयत्नाला स्ट्राइक म्हणत. पुढे फक्त फसलेल्या प्रयत्नांनाच ते नाव उरलं. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये हाच हिशेब तुरुंगात नेला. गंभीर गुन्ह्यांत तिसऱ्यांदा दोषी ठरलात तर पंचवीस वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा, आणि कायद्याचं बोलीतलं नाव ‘थ्री स्ट्राइक्स’. माणसाच्या अख्ख्या आयुष्याचा निकाल खेळातल्या शब्दात लावावा, हे मला काही केल्या बरं वाटत नाही.

आपल्याकडेही असा एक स्ट्राइक आहेच. २९ सप्टेंबर २०१६ नंतर ‘सर्जिकल स्ट्राइक’ मराठीत इतका घट्ट बसला की महापालिकेने टपऱ्या उठवल्या तरी सर्जिकल स्ट्राइक आणि कापडदुकानदाराने भाव उतरवले तरी सर्जिकल स्ट्राइक. टेबलावर त्याचं भाषांतर करायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. ‘लक्ष्यभेदी कारवाई’ दोन दिवस टिकली.

एक स्ट्रोक मात्र असा आहे की तिथे थट्टा थांबते. मेंदूचा. त्याला इंग्रजीत हे नाव पडलं ते देवाच्या हाताचा तडाखा या समजुतीतून. चालता-बोलता माणूस कोसळतो, मारणारा दिसत नाही, तेव्हा मारणारा वरचा असणार. ग्रीकांनी दिलेला ‘अपोप्लेक्सी’ हा शब्दही तडाख्यातूनच निघालेला. आपल्या घरांमध्ये मात्र हा आजार मारत नाही, वाहतो. माझ्या आजीच्या तोंडी ‘अंगावरून वारं गेलं’ असंच होतं. वैद्यांचा अर्धांगवायूही वाराच. ‘पक्षाघात’ शब्दात आघात आहे, पण तो छापील. ओसरीवर कोणी पक्षाघात झाला म्हणत नसे. एकाच दुखण्यात एका भाषेला हात दिसतो, दुसरीला झुळूक. आता दोन्हीकडे डॉक्टर स्ट्रोकच म्हणतात आणि घड्याळाकडे बघतात, कारण गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वारं गेलं म्हणत घरी मालिश करत बसलेल्यांची ती वेळ निघून जाते. तिथे मी आजीचा शब्द सोडून डॉक्टरांचा घेते.

‘हिट’चं कूळ थोडक्यात आटपतं, पण मला सगळ्यांत आवडतं तेच. तो शब्द इंग्लंडात आणला उत्तरेकडून बोटी घेऊन आलेल्या लोकांनी. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘हिट्टा’ म्हणजे भेटणं, सापडणं, गाठ पडणं. लुटायला आलेल्यांचा भेटण्याचा शब्द ज्यांची लूट झाली त्यांच्या भाषेत मारण्याचा होऊन बसला, यात नवल वाटायला नको. स्वीडिश लोक आजही ‘हिट्टा’ म्हणजे सापडणंच समजतात; त्यांच्याकडे हरवलेल्या-सापडलेल्या सामानाला ‘हिट्टेगोड्स’ म्हणतात. इंग्रजीत तो अर्थ पुरता मेलेला नाही. एखादी कल्पना सुचली तर ते ‘हिट अपॉन’ म्हणतात. आणि माझी भाची मैत्रिणींना इन्स्टाग्रामवर ‘हिट मी अप’ लिहिते, म्हणजे मला भेट, मला कळव. हजार-बाराशे वर्षं गुद्दे खाऊन तो शब्द पुन्हा भेटायला लागला आहे, याची तिला कल्पना नाही आणि गरजही नाही. तिच्या आजीला विचाराल तर हिट म्हणजे झुरळांवर मारायचं लाल झाकणाचं औषध, नाहीतर ज्यांची गाणी लग्नाच्या बँडवर वाजायची ते सिनेमे.

हे असं आपल्या आजूबाजूलाच पसरलेलं असतं. मला एक गोष्ट नेहमी जाणवते. इंग्रजी आपल्याला शाळेत शिकवली गेली ती ‘मे आय कम इन’ची. पण महाराष्ट्रात ती खरी मुरली ती या दुसऱ्या शब्दांतून, आणि ते शिकवले गॅरेजने, एसटीने, गिरणीने, मैदानाने. किक. पंक्चर. पंच. नॉकआउट. बीट. ज्याला इंग्रजीत आपलं नाव सांगताना घाम फुटायचा तो माणूससुद्धा ‘किक बसत नाही, प्लग काढून बघ’ हे अस्खलित बोलायचा. आकुर्डीला बनलेली चेतक स्कूटर सुरू होत नसली की तिला आपल्या अंगावर तिरकी करून मग किक मारायची, हे तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं शास्त्र होतं. शिवाय ‘किक बसणे’ हे क्रियापद स्कूटरवरून उतरून थेट गुत्त्यात गेलं, ते मराठी माणसाने स्वतःच्या हिमतीवर नेलं.

बीट हा शब्द तर खाकी कपड्यांत फिरतो. पोलिसांची बीट चौकी, बीट मार्शल, जंगलात वनरक्षकाची बीट, आमच्या धंद्यात क्राइम बीट आणि मंत्रालय बीट. हा बीट म्हणजे ठरलेली वाट, पायांनी मारलेली. पायाखाली मळून मळून वाट पडते तिला इंग्रजीत ‘बीटन पाथ’. आपण मळलेली वाट म्हणतो, बरोब्बर तेच. अंडं फेटायचं तर तेही बीट करायचं आणि वाद्याचा ठेकाही बीट, पण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

पंचाची कथा मात्र लांबते, कारण त्यात आपण स्वतः आहोत.

इंग्रजीत ‘पंच’ एक शब्द नाही, चार-पाच शब्द एकाच दारातून आत शिरलेत. ठोसा मारायचा पंच हा सुरुवातीला ठोसा नव्हता, ढोसणी होती. काठीने टोचून गुरं पुढे हाकायची त्याला पंच करणं म्हणत. अमेरिकेच्या पश्चिमेला गुराख्याला ‘काउपंचर’ म्हणायचे ते त्यामुळे. तो गाईंना ठोसे लगावत नव्हता. दुसरा पंच भोक पाडायचा. तो लॅटिन भाषेतल्या टोचण्यातून आला, आणि त्याच टोचण्यातून रस्त्याकडेच्या पत्र्यावर लिहिलेलं ‘पंक्चर काढून मिळेल’. भोक ‘काढून’ कसं मिळतं हा प्रश्न मराठीला पडत नाही, पडूही नये. पण त्याच टोचणीची बाकीची पोरं बघा. ‘पंक्च्युअल’, म्हणजे वेळेच्या टोकावर पोचणारा. ‘पॉइंट’ आणि त्यातून ‘अपॉइंटमेंट’. नाकाला झोंबणारं ‘पंजंट’. आणि काळजाला टोचणारं ‘पॉयनंट’, जे समीक्षक चित्रपटाच्या परीक्षणात न चुकता वापरतात. टायरवाला, शिस्तप्रिय साहेब आणि चित्रपट समीक्षक एकाच सुईची लेकरं आहेत.

हा टोचणारा पंच आपल्याकडे कंडक्टरच्या हातात आला. एसटीत गर्दीतून वाट काढत येणारा कंडक्टर दिसायच्या आधी ऐकू यायचा, बाकाच्या दांडीवर पंच वाजवत, टिकटिक, टिकटिक. तिकिटाला भोक पडलं की तुम्ही प्रवासी झालात. गिरणीत आणि कारखान्यात कार्ड पंच करायचं, आणि मशीन गेली, अंगठा आला, चेहरा दाखवायची वेळ आली, तरी लोक ‘पंच केलं का?’ असंच विचारतात.

तिसरा पंच प्यायचा. यात आपलं ‘पाच’ आहे असं बहुतेक कोश सांगतात: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात या किनाऱ्यावर होता. मुंबई, सुरत, गोवा सगळीकडे फिरला, उपचाराला बोलावलं म्हणून घाट चढून जुन्नरलाही जाऊन आला. १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने गोव्याकडच्या नेरूळच्या दारूची तारीफ केली आहे आणि तिच्यापासून इंग्रज लोक करतात त्या गळून टाकणाऱ्या पेयाचं नाव पाच या हिंदुस्थानी आकड्यावरून पडलं असं नोंदवलं आहे. काही जणांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. ते ‘पंचन’ नावाच्या पिंपाकडे बोट दाखवतात. मी फ्रायरच्या बाजूची. तो इथे होता आणि प्यायलेला होता.

चौथा पंच म्हणजे लाकडी बाहुला. इटलीतला पुल्चिनेल्ला इंग्लंडात येऊन पंच झाला. सॅम्युएल पेप्सने ९ मे १६६२ ला लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये हा इटालियन कळसूत्री खेळ पाहिल्याचं आपल्या रोजनिशीत लिहिलंय. पुढे या बाहुल्याच्या हातात सोटा आला आणि तो बायकोला, पोलिसाला, फाशी देणाऱ्याला, सगळ्यांना बदडायला लागला. १८४१ साली लंडनमध्ये त्याच्या नावाने विनोदी साप्ताहिक निघालं. ते पाहून १८५४ मध्ये मुंबईत ‘पारसी पंच’ निघालं, त्याचंच पुढे ‘हिंदी पंच’ झालं. मुंबईच्या वाचकाला त्या नावात बाहुला दिसत असेल की गावाचे पाच पंच? मला वाटतं दुसरं. कारण आपल्याकडे पंच म्हणजे न्याय करणारा. पंचनामा करणारे पंच, जातपंचायतीचे पंच, आणि क्रिकेटच्या मैदानावर पांढरा कोट घालून उभा असलेला पंच, ज्याच्या डोळ्यांदेखत फलंदाज चेंडूला ‘पंच’ करून कव्हरमधून धाडतो. समालोचक मराठीत बोलत असेल तर एकाच वाक्यात दोन्ही पंच येतात आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. तेवढ्यात षटक संपतं आणि टाटांच्या पंच नावाच्या गाडीची जाहिरात लागते.

खाण्या-मारण्याचं हे नातं फक्त पंचापुरतं नाही. इडलीचं पीठ ते ‘बॅटर’, आणि सप्टेंबर २०२१ पासून मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या नियमपुस्तकात फलंदाजही ‘बॅटर’. दोघांची जात बडवण्याची. कोणाला ठोसा द्यायचा असेल तर इंग्रज ‘नकल सँडविच’, म्हणजे मुठीच्या पेरांचं सँडविच, खाऊ घालतो. आपल्याकडे हा बेत केव्हाच ठरलेला आहे. धम्मकलाडू आणि चापटपोळी. शिवाय धपाटा पाठीत बसतो आणि धपाटे दह्याबरोबर खातात. यात आपण इंग्रजांपेक्षा कणभरही मागे नाही.

टोचण्याच्या बाबतीत तर मराठी बरीच पुढे आहे. इंग्रजी ‘पोक’ला आपल्याकडे डिवचणं, ढोसणं, टोचणं, खुपसणं, चिमटा काढणं असे प्रत्येक प्रसंगाचे वेगळे शब्द आहेत, आणि बोलण्यातल्या ‘डिग’ला कोपरखळी आहे. इंग्रज बरगडीत कोपर ढोसतो तेव्हा आपणही शब्दाच्या कोपरानेच मारतो. दोन भाषांना एकच अवयव सुचला, याचं मला फार कौतुक वाटतं. पोकने मात्र एकट्याने बराच प्रवास केला. आमच्या वेळच्या संगणकवर्गात जीडब्ल्यू-बेसिक शिकवायचे, तिथे ‘पोक’ म्हणजे संगणकाच्या स्मृतीत नेमक्या पत्त्यावर एक आकडा खुपसायचा, आणि ‘पीक’ म्हणजे तिथे डोकावून बघायचं. चुकीच्या पत्त्यावर खुपसला तर यंत्र जागच्या जागी गप्प. नंतर फेसबुकवर पोक आलं, ज्याचा नेमका अर्थ काय हे कोणीच सांगितलं नाही आणि म्हणूनच ते चाललं. कॉलेजातल्या मुलांनी तेवढ्यावर लग्नं जमवली. ‘पिग इन अ पोक’मधला पोक मात्र वेगळा, ती पिशवी, खिशाची चुलत बहीण. पिशवीतलं डुक्कर न बघता विकत घ्यायचं आणि घरी आल्यावर कपाळाला हात लावायचा.

‘एग ऑन’मध्येही अंडं नाही. चिथावणं या अर्थाचा तो नॉर्स शब्द, धारेच्या ‘एज’चा भाऊ. धार लावून सोडणं म्हणा हवं तर.

करोनाच्या दिवसांत टेबलावर एकाच सुईला तीन नावं येत होती. ब्रिटिश वृत्तपत्रं ‘जॅब’ लिहायची, अमेरिकन ‘शॉट’, आणि स्कॉटलंडवाले ‘जॅग’. ८ डिसेंबर २०२० ला कोव्हेंट्रीत मार्गारेट कीनन या नव्वदीच्या आजींना पहिली लस दिली गेली तेव्हा जगभर मथळ्यांत जॅब होता. म्हणजे कुस्तीचा नाही तरी मुष्टियुद्धाचा शब्द, सरळ हाताचा झटपट ठोसा. १६ जानेवारी २०२१ ला आपल्याकडे मोहीम सुरू झाली आणि मराठीत लोकांनी लस ‘घेतली’, शांतपणे, प्रसाद घेतल्यासारखी. माझ्या आईच्या पिढीचा शब्द अजून वेगळा होता. त्या बायकांना ‘देवी टोचलेल्या’ असायच्या, दंडावर दोन गोल वण. रोगही देवी आणि त्यावरची लसही देवी. ती देवी हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली तीही मुंबईतच, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरच्या फोडातली लस पुढच्यांना, त्यांच्या दंडावरून त्यापुढच्यांना, अशी हातोहात ती पुढे गेली.

त्याच महिन्यांत अर्थ पानावर ‘स्टिम्युलस’ धो धो वाहत होता. सरकारं अर्थव्यवस्थेला स्टिम्युलस देत होती, आम्ही ‘प्रोत्साहन पॅकेज’ लिहीत होतो. स्टिम्युलस म्हणजे लॅटिनमध्ये पराणी. बैलाच्या पुठ्ठ्यात आर टोचायची ती काठी. हे एका सहकाऱ्याला सांगितलं. तो विदर्भातला, घरी शेती. तो म्हणाला, “बैल उपाशी असला तं पराणी टोचून चालत नाही ना बाई, बसून घेते.” अर्थतज्ज्ञांच्या मुलाखतींत मला यापेक्षा नेमकं वाक्य मिळालं नाही.

तर हे झाले उघड मारणारे शब्द. खरा मार सभ्य शब्दांत दडलेला आहे, आणि त्या शब्दांचं मला जास्त भय वाटतं. ‘डिस्कशन’ घ्या. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आदळून, हलवून वेगळं करणं; डोक्याला मार लागून होतं ते ‘कन्कशन’ आणि ढोलताशाचं ‘पर्कशन’ ही त्याची सख्खी भावंडं. ‘डिबेट’ म्हणजे बडवून खाली पाडणं. घरपट्टीतली ‘रिबेट’ही त्याच बडवण्यातून, पालिका तेवढी रक्कम ठोकून खाली आणते. ‘डिफेन्स’ आणि ‘ऑफेन्स’ दोन्ही एकाच प्रहाराच्या दोन बाजू. ‘कम्प्लेंट’ म्हणजे मुळात छाती बडवून रडणं, जे आपण सोसायटीच्या वहीत शाईने करतो. ‘प्लेग’ म्हणजे तडाखा, आणि १८९६ मध्ये तो मुंबईत शिरला तेव्हा या शब्दाला मूळ अर्थ नव्याने शिकवावा लागला नाही. ‘टाइप’ म्हणजे ग्रीकमध्ये ठोका, ठोक्याने उठलेला ठसा. म्हणून टायपिंगच्या वर्गात बोटं आपटणाऱ्या मुली शब्दशः बरोबर काम करत होत्या. सॅक्सन शब्दांनी मूठ उघडी ठेवली, लॅटिन शब्दांनी तिच्यावर हातमोजा चढवला. कोणी आपल्याला किक आउट केलं तर लगेच कळतं. कोणी ‘वुई नीड टु डिस्कस’ म्हटलं की कळायला वेळ लागतो.

आता एवढं सगळं इंग्रजीच्या पदरात घातल्यावर स्वतःच्या घरात बघायला हवं. वृत्तपत्रात असताना एक परदेशी विद्यार्थिनी मराठी शिकायला पुण्यात आली होती, आठवड्यातून एकदा माझ्याकडे यायची. तिच्या वहीत तिने ‘मारणे’चं एक पान केलं होतं आणि ते संपेना. हाक मारणे. गप्पा मारणे. मिठी मारणे. डोळा मारणे. उडी मारणे, शिट्टी मारणे, फेरफटका मारणे, गाठ मारणे, शिक्का मारणे, रंग मारणे, थाप मारणे, दांडी मारणे, झक मारणे. यांतल्या कशात कोणाला लागतं, असं तिने फार गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, थापेत लागतं, पण उशिरा. मिठीवर ती अडून बसली. इतकी प्रेमाची गोष्ट तुम्ही मारता का म्हणून? मी तिला हिट्टा सांगितला, स्ट्रीकान सांगितला, तिचं समाधान झालं नाही. तिचं म्हणणं, तिकडे शब्द जुना होऊन बदलला, तुम्ही तर आत्ता, आज, चालू वर्तमानकाळात मिठी मारताय.

ती राहायची त्या गल्लीत एका इमारतीचं बांधकाम चालू होतं. रखवालदार रोज सकाळ-संध्याकाळ नळी घेऊन नव्या स्लॅबवर पाणी सोडायचा. एकदा तिने त्याला काय करताय म्हणून विचारलं. तो म्हणाला, “पाणी मारतोय, ताई. आठवडाभर तरी मारावं लागतं, नायतर तडे जातात.” तिने ते वहीत उतरवलं आणि शेजारी त्याचा इंग्रजी शब्द लिहिला. इंग्रजीत त्याला ‘क्युअरिंग’ म्हणतात.